शेवटचं वाक्य

नाटकांवर मी पस्तीस वर्षं लिहिलं. अथेन्सच्या एका दैनिकात दर मंगळवारी दोन कॉलम, शिवाय तीन जाडजूड पुस्तकं, जी बहुतेक मीच लोकांना भेट दिली. लोक मला समीक्षक म्हणतात आणि मी ऐकून घेतो. पण जुनं नाटक आणि नवं नाटक यांत नेमका फरक काय, हे मला ज्या बाईनं शिकवलं तिनं तोपर्यंत एकही नाटक समोरून पाहिलेलं नव्हतं. ती रंगमंचाच्या पोटात बसायची. तिथून तिला मुख्यतः बूट दिसायचे.

तिचं नाव एवान्थिया स्कोर्दिली. अथेन्सच्याच किप्सेली भागात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, तीनशे खुर्च्यांचं एक नाटकघर होतं. आता तिथं फरश्यांचं दुकान आहे. त्या नाटकघरात ती प्रॉम्प्टर होती. हल्लीच्या पोरांना हेही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक चौकोनी भोक असायचं, प्रेक्षकांच्या बाजूनं त्यावर लाकडी टप. आत तीन पायऱ्या, एक स्टूल, हातभर फळी आणि एक मिणमिणता दिवा. तिथं बसून नाटकाची वही समोर धरायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द वर सोडायचा. नटमंडळी त्या भोकाला विहीर म्हणत आणि एवान्थियाला मावशी.

तिचा बाप गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत हेच काम करायचा. लामियाच्या एका सरायीत, दुपारचा प्रयोग आणि संध्याकाळचा प्रयोग यांच्या मधल्या वेळात तिचा जन्म झाला. आईनं संध्याकाळी काम केलं की नाही याबद्दल घरात दोन मतं होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. अक्षरओळख झाली ती नाटकांच्या वह्यांतून, त्यामुळे लहानपणी ती दूधवाल्याशीसुद्धा राणीसारखं बोलायची आणि मार खायची. तिच्या चौदाव्या वर्षी बापाचा घसा गेला आणि मुलगी विहिरीत उतरली. पुढं एका दिवेवाल्याशी लग्न केलं, तो युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात गेला. मूल नव्हतं. मी तिला ओळखू लागलो तेव्हा तिची साठी जवळ आली होती. जाडे लोकरी मोजे, खांद्यावर राखी शाल, पिशवीत सुकी अंजिरं आणि थर्मासमध्ये सेजची सुकी पानं घातलेला चहा, असा तिचा संसार रोज दुपारी चारला विहिरीत उतरायचा.

तिची कारागिरी मी एकदा तिलाच विचारली. म्हणाली, "त्यात काय आहे? बुटांकडे बघायचं. नट मुद्दाम थांबला असेल ना, तर भार चवड्यावर असतो. विसरला असेल तर टाचेवर येतो. टाच टेकली की शब्द सोडायचा. आधी सोडला तर तो चिडतो, नंतर सोडला तर मरतो."

"आणि तुम्ही कधी विसरत नाही?"

"माझ्यासमोर वही असते. विसरणं हे वरच्यांचं काम."

जुन्या शोकान्तिकांवर तिचा विशेष जीव. त्यांत गावकरी म्हणून उभं राहून एका सुरात बोलणाऱ्या पंधरा जणांच्या कोरसमध्ये हमखास निवृत्त पोस्टमन, शिंपी आणि मॅनेजरचा मेव्हणा असायचे. पंधरांपैकी पाच जणांना पाठ असायचं, बाकीचे ओठ हलवायचे. त्या पाचांना मावशी खालून सांभाळायची. उन्हाळ्यात उघड्यावरच्या दगडी नाटकघरांत प्रयोग असले की तिथंही पडद्यामागं एखाद्या खोक्यावर बसून शब्द पुरवायची. आमच्या देशात किती राजे आणि राण्या त्या एका बाईच्या श्वासावर चालल्या, याची नोंद कुठल्याही इतिहासात नाही. मी केली नाही, तर होणारही नाही.

आता माझ्याबद्दल. एकोणीसशे चौसष्ट साली मी चौतीस वर्षांचा होतो आणि माझं प्राध्यापक व्रानास यांच्याशी भांडण चालू होतं. छापील भांडण, पाच वर्षं जुनं. व्रानास म्हणायचे, शोकान्तिका जुन्यांबरोबर संपली. माणूस पडायचा तर आधी उंचावर हवा. तुमच्या नव्या नाटकातली बाई स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसलेलीच असते, ती पडणार कुठे? आणि दुसरं म्हणजे कोरस. जुन्या नाटकात माणूस रडला की त्याचं रडणं ऐकायला अख्खं गाव उभं असतं. नव्या नाटकात भिंती असतात. मी उत्तर द्यायचो, स्वयंपाकघरालाही उंची असते. वाक्य चांगलं होतं, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे नाटक नव्हतं. व्रानास दर वेळी शेवटी तेच विचारायचे, "वेर्गोतीस, ते नाटक कुठाय?"

त्या हिवाळ्यात किप्सेलीच्या नाटकघरात मीनास नावाचा नवा दिग्दर्शक आला. परदेशात शिकून आलेला, गळ्यात कायम मफलर. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं की नव्या रंगभूमीला प्रॉम्प्टर लागत नाही, नटानं पाठ करावं. हे नाटक झालं की विहिरीवर फळ्या ठोकायच्या. मावशीला पेन्शन लागायला अजून दोन हिवाळे नोकरी हवी होती. त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? सगळी नाटकघरं तेच करत सुटली होती. ती मीनासच्या हातापाया पडली नाही. फक्त म्हणाली, "फळ्या ठोकाल तर डावीकडची तिसरी बदला. कुरकुरते."

नाटक आर्गीरीस नावाच्या पोराचं होतं, सव्वीस वर्षांच्या. कार्दित्साकडच्या एका खेड्यातला, बोलायला लाजाळू, तळ बदललेले तपकिरी बूट. गोष्ट इतकीच, की मुलगा कामाला जर्मनीला जातो. शेवटच्या प्रवेशात आई त्याला गाडीवर बसवून घरी येते, सवयीनं दोन ताटल्यांत मसूर वाढते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते. आर्गीरीसनं तिच्या तोंडी शेवटचं वाक्य लिहिलं होतं, "जेव, गार होतंय." मग तालमी सुरू झाल्यावर त्यानंच ते कापलं. आईनं काहीच बोलायचं नाही. बसायचं, आणि पडदा.

हे कापलं तेव्हा मावशी दोन दिवस तापानं घरी पडली होती. मीनासनं आईचं काम करणाऱ्या डोम्नाला सांगितलं, दिवेवाल्याला सांगितलं. विहिरीतल्या वहीची आठवण कुणाला झाली नाही. मावशीच्या वहीत ते वाक्य तसंच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, पुढं महिनाभर तालमी झाल्या, तिच्या लक्षात कसं आलं नाही? आलं. रोज डोम्ना त्या वाक्यापाशी येऊन गप्प बसते हे तिनं पाहिलं आणि तिला मनापासून बरं वाटलं. कारण तिच्या बापाच्या कंपनीत रीत होती, की नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. म्हटलं तर नाटक तालमीतच संपतं, मग लोकांना दाखवायला काय उरलं? ते वाक्य पहिल्या प्रयोगाला पहिल्यांदा बाहेर पडायचं. डोम्ना जुन्या वळणाची नटी, ती हे पाळणारच. या मफलरवाल्याच्या राज्यातही कुणीतरी रीत पाळतंय, म्हणून मावशी खूश होती. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण त्याबद्दल बोलणंही अशुभ.

पहिल्या प्रयोगाला मी तिसऱ्या रांगेत होतो. डोम्नानं ताटल्या ठेवल्या, बसली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर, टाचा टेकलेल्या. विहिरीतून मावशीला त्या टाचा दिसल्या. बाई विसरली. विसरणारच, आजवर एकदाही म्हटलेलं वाक्य नाही. मावशीनं शब्द सोडला. डोम्ना हलली नाही. मावशीनं पुन्हा सोडला, जरा मोठ्यानं, आणि या वेळी अख्खं वाक्य.

"जेव. गार होतंय."

तीनशे माणसांत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, अशा शांततेत तो आवाज जमिनीखालून आला. म्हातारा, खरखरीत, मायेचा. मुलगा गेलेला, घर रिकामं, आणि त्या आईला जमिनीच्या पोटातून कुणीतरी सांगतंय की जेव. तिची मेलेली आई? सगळ्या मेलेल्या आया? पडदा पडला. माझ्या शेजारी बसलेला दंतवैद्य रुमालात नाक शिंकरत होता. मी टाळ्याही वाजवल्या नाहीत, सरळ टॅक्सी करून कचेरीत गेलो.

मंगळवारी दोन नव्हे, चार कॉलम आले. 'अडीच हजार वर्षांपूर्वी जो कोरस पंधरा माणसांचा होता,' मी लिहिलं, 'तो आज एका कुजबुजीएवढा उरला आहे. पण तो परत आला आहे. प्राध्यापक व्रानास विचारतात, ते नाटक कुठे आहे? ते किप्सेलीत आहे, भाजीबाजाराच्या मागे.' आज हे वाचताना कान गरम होतात. त्या दिवशी मात्र मी तो अंक खिशात घालून दोन ओळखीच्या कॉफीघरांत उगाचच चक्कर मारून आलो.

नाटकघरात त्या रात्री काय झालं ते मला नंतर कळलं. पडदा पडताच डोम्ना विहिरीवर वाकून ओरडली होती, "मावशी, ते वाक्य कापलंय! महिना झाला कापून!" मावशी वही उघडी धरून तिथंच बसून राहिली. सेहेचाळीस वर्षांत तिनं नसलेला शब्द कधी पुरवला नव्हता. मीनास म्हणाला, उद्यापासून येऊ नका. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी माझा लेख आला आणि दुपारी मीनास स्वतः तिच्या घरी गेला. तिकीट-खिडकीवर रांग लागली होती. लोक विचारत होते, तो आवाज येतो ते नाटक हेच ना?

"रोज तस्संच म्हणायचं, मावशी," मीनास म्हणाला. "दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. आणि विहिरीचं काय ते आपण बघू, राहू दे की ती. रंग मारून घेऊ."

म्हणजे ती वाचली होती. माझ्या लेखानं तिचे दोन हिवाळे वाचवले होते, आणि हे कळल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

तीन आठवडे ती रोज ते वाक्य म्हणत राहिली. मग एका शुक्रवारी सकाळी अकराला ती माझ्या कचेरीत आली. मी तिला तोपर्यंत नीट पाहिलेलंही नव्हतं. शाल, पिशवी, हातात वही. खुर्ची दिली तर म्हणाली, "स्टूल नाहीये का? खुर्चीत मला झोप येते." मग टेबलावर अंजिरांची पुडी ठेवली.

"तुम्हीच ना ते वेर्गोतीस? कोरसवाले?"

"हो. आणि आपण?"

"मी तुमचा कोरस."

मी हसलो. ती हसली नाही. मग तिनं सगळं सांगितलं. बापाची रीत, ताप, डोम्नाच्या टाचा. ऐकता ऐकता माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. सोमवारी संध्याकाळी साहित्य मंडळाच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं, विषय 'कोरसचं पुनरागमन'. व्रानास पहिल्या रांगेत बसणार होते, त्यांना मीच हौसेनं निमंत्रण धाडलं होतं.

"बाई, चुकून झालं तरी परिणाम खरा आहे ना?" मी म्हणालो. "लोक रडतायत. कलेत असे अपघात होतात."

"लोक रडतात ते मलाही ऐकू येतं. पण तो पोरगा रोज शेवटच्या प्रवेशाला बाहेर जाऊन उभा राहतो, त्याचं काय?"

"कोण पोरगा?"

"ज्यानं लिहिलंय तो. आर्गीरीस. परवा मी त्याला जिन्यात गाठला. म्हटलं, मेल्या, नाटक जोरात चाललंय आणि तू असा सुतकी का? तर रडायलाच लागला. त्याचा मोठा भाऊ जर्मनीला गेला ना, त्या दिवशी त्याची आई खरंच अशी बसली होती. दोन ताटल्या घेऊन. काही बोलली नाही. आणि हा दारात उभा होता, तोही काही बोलला नाही. म्हणाला, मावशी, मी आधी ते वाक्य घातलं कारण मला लाज वाटत होती. मग कापलं, कारण ते खोटं होतं. आणि आता रोज ते खोटं मला तीनशे लोकांसमोर ऐकावं लागतंय."

मी अंजीर हातात घेऊन बसलो होतो.

"तुम्ही शिकलेले आहात," ती म्हणाली. "मी सांगायला नको. पण सेहेचाळीस वर्षं खालून ऐकतेय, म्हणून सांगते. जुन्या नाटकात कुणी किंचाळलं की कुणीतरी उत्तर देतं. पंधरा जण असतात, मूर्ख असतात, भलतंच बोलतात, पण असतात. नव्या नाटकात कुणी उत्तर देत नाही. एवढाच फरक. दुःख तेच आहे हो, राणीचं आणि ह्या बाईचं. तुम्ही लिहिलंत कोरस परत आला. नाही आला, लेकरा. कुणीच आलं नाही. तेच तर नाटक आहे."

पाच वर्षांत व्रानास आणि मी मिळून जी सातशे पानं छापली होती, त्यांतून हे चार ओळींचं निघालं नव्हतं. ते मला त्याच क्षणी कळलं. म्हणून तर राग आला.

"मी असं छापलं तर काय होईल माहीत आहे का?" मी म्हणालो. "उद्या लोक यायचे थांबतील. तो मीनास परवा तुमची विहीर बुजवेल. दोन हिवाळे राहिलेत ना तुमचे?"

"विहीर माझी आहे. तिचं मी बघेन. तुम्ही तुमच्या व्याख्यानाला घाबरताय, त्याला माझं नाव कशाला देता?"

ती उठली, वही छातीशी धरली. "रविवारी दुपारच्या खेळाला या. तिसऱ्या रांगेतच बसा."

गेलो. नाटकघर तुडुंब भरलेलं, पायऱ्यांवरही माणसं. शेवटचा प्रवेश आला. डोम्नानं ताटल्या ठेवल्या, बसली, टाचा टेकल्या. मागून एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "ऐक हं, आता येईल." सगळे किंचित पुढे झुकले. विंगेत मीनासचा मफलर दिसत होता.

आवाज आला नाही.

मीनास विंगेतून हातवारे करू लागला. डोम्नाही वाट बघत असावी, कारण तिची नजर एकदा खाली गेली आणि परत खुर्चीकडे आली. मग तिला कळलं. तिचे खांदे इतके हळू खाली आले की मी अजून विसरलेलो नाही. मसुरावरची वाफ संपली. कुणीतरी खोकलं आणि खोकला मधेच गिळला. मला वाटू लागलं की आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं, कुणीही, मीसुद्धा. तीनशे माणसं होतो आम्ही आणि त्या बाईला जेव म्हणायला कुणाची जीभ उचलत नव्हती. मी मागे वळून पाहिलं. आर्गीरीस दारात उभा होता, आतल्या बाजूला.

पडद्यानंतर बराच वेळ टाळी वाजली नाही. मी विहिरीपाशी गेलो तेव्हा डोम्ना गुडघ्यांवर बसून आत वाकली होती. "मावशी," ती म्हणत होती, "तीन आठवडे तुम्ही माझ्या सोबतीला होतात. आज एकटी होते. भीती वाटली मला."

"मग बरोबर झालं," आतून आवाज आला.

मीनासनं मात्र आवाज चढवला. "तुम्ही तुमच्या हातानं झाकण लावून घेतलंत, मावशी. आता मला बोलू नका."

"नाही बोलणार. वर यायला हात द्या, गुडघे आखडलेत."

सोमवारी मी व्याख्यानाचे कागद टेबलावर पालथे घातले आणि जे घडलं ते सांगितलं. तिची चार वाक्यंही, तिच्या नावासकट. सभागृहात आधी खुसखुस, मग चांगलंच हसू. व्रानास सगळ्यात मोठ्यानं हसले. "म्हणजे वेर्गोतीस, तीन आठवडे तुम्ही एका चुकीची आरती करत होता?"

"हो, सर."

हसणं ओसरल्यावर ते चष्मा पुसत राहिले. मग एवढंच विचारलं, "आणि ती बाई अजून त्या भोकात बसते?" गुरुवारी त्यांची छत्री मला नाटकघराच्या कोटघरात, प्रेक्षकांच्या कोटांशेजारी टांगलेली दिसली. त्या नाटकावर त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही. नव्या नाटकाबद्दल ते तोंड बंद ठेवतात, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मंगळवारी माझी दुरुस्ती छापून आली. कुतूहलानं येणारे गळाले, पण निम्मं घर भरत राहिलं आणि नाटक ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यापर्यंत चाललं. ईस्टरनंतर सुतार आला. मावशी शेजारी उभी राहून त्याला डावीकडची तिसरी फळी दाखवत होती. आम्ही काहीजण मीनासला जाऊन भेटलो. डोम्नानं तर स्पष्ट सांगितलं की मावशी नाही तर पुढच्या नाटकात मीही नाही. शेवटी मीनासनं मावशीला कोटघर दिलं. सेहेचाळीस वर्षं राण्यांना शब्द पुरवणारी बाई दोन हिवाळे लोकांचे ओले कोट टांगत होती. मला त्याचं फार वाईट वाटायचं. तिला ओल्या लोकरीच्या वासाचं वाईट वाटायचं, आणि ते ती प्रत्येकाला सांगायची.

त्या दोन हिवाळ्यांत मी तिथला एकही प्रयोग चुकवला नाही. कोट परत देताना ती हळूच विचारायची, "काय मग, कुणी उत्तर दिलं का?" मी हो म्हटलं तर म्हणायची, "जुनंच दिसतंय." नाही म्हटलं तर, "मग बसून बघायला हवं." मंगळवारचा लेख मी त्यावर उभा करायचो. लोक म्हणू लागले, वेर्गोतीस हल्ली बरं लिहितो.

अठ्ठ्याहत्तर साली ती गेली. महिनाभरानं तिची भाची माझ्याकडे आली, राख्या शालीत गुंडाळलेली वही घेऊन. मावशीनं सांगून ठेवलं होतं म्हणे, की ही कोरसवाल्याला द्या. आर्गीरीसचं नाटक. मी शेवटचं पान उघडलं. "जेव, गार होतंय" या वाक्यावर निळ्या पेन्सिलीची एक सरळ रेघ होती आणि शेजारी त्या रविवारची तारीख.

खाली बारीक अक्षरांत एक रकाना होता. बोलायला काही उरलं नव्हतं, तरी ती शेवटच्या प्रयोगापर्यंत विहिरीत बसली होती, आणि ती शांतता रोज किती श्वास टिकली ते लिहून ठेवत होती. रविवार, अकरा. मंगळवार, नऊ. बुधवार, दहा, मधे खोकला. गुरुवार, तेरा. असं दोन महिन्यांचं, एकही दिवस न चुकवता. मी बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत आलो. शेवटच्या प्रयोगाची तारीख होती. पुढं आकडा नव्हता.

तिथं तिनं लिहिलं होतं, "मोजायला विसरले."